फक्कीची रेघ

"माणूस हा सरळ रेघेत चालणारा एकमेव प्राणी आहे, आणि ज्या दिवशी त्याची पावलं वाकडी पडतात, त्या दिवशी संस्कृतीच्या ऱ्हासाला सुरुवात होते!"

हे वाक्य मी आंबेखिंडीच्या मारुतीच्या देवळापुढं, लाऊडस्पीकरवर, एक हात आभाळाकडं करून म्हटलं. टाळ्या झाल्या. त्या स्वीकारत मी दोन पावलं मागं सरकलो. व्यासपीठ तिथंच संपतं हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि संस्कृतीसकट मी थेट आचाऱ्याच्या पातेल्यात जाऊन बसलो. पातेलं रिकामं होतं, ही मारुतीची कृपा. चौघांनी मला उपसून बाहेर काढलं. "फळ्या नीट टाकायला काय धाड भरली होती?" असं म्हणत सगळ्यांनी मांडववाल्याला झापलं.

माझं तोंड कुणी हुंगलं नाही. एवढं ध्यानात ठेवा.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवत होतो आणि जिल्ह्याच्या पेपरात दर रविवारी विनोदी सदर लिहीत होतो. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस पोरं मला हसायची आणि सातव्या दिवशी पालक. त्या दिवशी गावात 'आडवी बाटली' झाल्याला वर्ष पुरं झालं होतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की घालवायचं यावर बायका मतदान करतात. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे राहू दे, आडव्या बाटलीवर शिक्का म्हणजे जाऊ दे. आमच्या गावची बाटली अशी आडवी झाली की पुन्हा उठली नाही. हे सगळं मालनवहिनींनी केलं. वहिनी अंगणवाडी चालवायच्या. त्यांचे यजमान जोतिराम खोत, म्हणजे आमचे वस्ताद. ते गावच्या पोरांना मल्लखांब शिकवायचे.

दुकान गेलं तरी दारू शेजारच्या गावाहून येतच होती. त्यावर वहिनींनी एक नियम काढला. ज्याच्यावर संशय येईल त्याला देवळापुढं चुन्याच्या फक्कीच्या रेघेवर चालवायचं. तोल गेला, तर पुढचा आठवडाभर सकाळच्या आरतीनंतर त्याचं नाव लाऊडस्पीकरवर घ्यायचं. आधी तोंड हुंगायची पद्धत होती. पण पिणारे हुशार, त्यांनी वर कच्चा कांदा खायला सुरुवात केली आणि हुंगणारेच झीट येऊन पडायला लागले. म्हणून रेघ. ती ओढायचा मान वस्तादांचा. दोरी नाही, खुंटी नाही, पत्र्याचा डबा हलवत चालत जायचे आणि मागं रेघ उमटायची ती पट्टीनं आखल्यासारखी.

त्या दिवशी माझ्या आधी वहिनींचं भाषण झालं. ते गावाला पाठ होतं, तरी दर वेळी हशा यायचा.

"माझे सासरे बाळकू पैलवान," वहिनी म्हणाल्या, "सात गावांत जोड नव्हता. चाळिशी उलटली आणि लागले बाटलीच्या नादाला. भिंतीला धरून चालायचे. जीभ जड पडायची. आणि वर माझ्यापाशी शपथ, 'पोरी, थेंब घेतला न्हाई!' चहा द्यायला गेलं की म्हणायचे, अर्धाच दे. का बरं अर्धा? उरलेली जागा कशासाठी राखून ठेवलीय, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. विनोद बरा होता, मला सुचला असता तर सदरात घातला असता. वस्ताद तेवढे पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले होते. बापाचं नाव निघालं की त्यांचा चेहरा मल्लखांबाच्या लाकडासारखा व्हायचा, गुळगुळीत आणि पकडायला कठीण.

भाषणं आणि माझं पातेलं आटोपल्यावर सर्जेरावाला पुढं आणलं. सर्जेराव हा गावातला मान्यवर पिणारा. देवळासमोर त्याची चहाची टपरी होती आणि बाटली आडवी झाल्यापासून तो रेघेवर इतक्यांदा चालला होता की न पिता एवढं चालला असता तर काशीला पोचला असता.

"काढा रेघ, वस्ताद," वहिनी म्हणाल्या.

वस्तादांनी डबा घेतला. चालायला लागले. मी बघत होतो. पहिली चार पावलं रेघ सरळ गेली. मग डावीकडं कलली, स्वतःला सावरून उजवीकडं आली, आणि पुढं नागमोडी होत देवळाच्या पायरीला जाऊन धडकली.

सर्जेराव रेघेच्या टोकाला उभा राहिला. त्यानं मान तिरकी केली, एक डोळा मिटला, दुसरा मिटला.

"ताई, म्या हिच्यावरनं कसा चालू?" तो म्हणाला. "ही रेघच टाईट हाय. आधी रेघेचं तोंड हुंगा!"

अख्खं मैदान हसलं. मला वाटतं, त्या हसण्यातच सगळं नासलं.

"पुन्हा काढतो," वस्ताद म्हणाले. जमिनीवरची फक्की पायानं पुसायला गेले आणि तोल जाऊन गुडघ्यावर आले. डबा सांडला. पांढऱ्या फक्कीत बसलेला तो माणूस मला आजही दिसतो.

"आता वस्तादांनीच चालावं की," गर्दीतून आवाज आला.

सरपंच आनंदअण्णा इतका वेळ खुर्चीत रेलून बसले होते, ते आता पुढं सरकले. बंद पडलेलं दुकान त्यांच्या मेव्हण्याचं. "तसं काही गरजेचं नाही," ते मधासारख्या आवाजात म्हणाले. "वस्ताद आपले मोठे आहेत. पण नियम ताईंनीच केलाय. सगळ्यांना सारखा म्हणून केलाय. ताई म्हणतील तसं."

वहिनींचा चेहरा उतरला. "चाला," त्या म्हणाल्या.

"मालन, तुला ठावं हाय मी..."

"ठावं हाय, म्हणूनच म्हणते. चाला तुम्ही. लोकांची तोंडं बंद होतील."

वस्ताद उठले. ज्या माणसाला मी मल्लखांबाच्या टोकाच्या बोंडावर, ताटलीएवढ्या जागेत, खाली डोकं वर पाय करून स्वस्थ उभं राहिलेलं पाहिलं होतं, तो माणूस सपाट जमिनीवर पाय फाकवून, हात पसरून, नदीत उतरल्यासारखा चालला. रेघ एकीकडं, पाय दुसरीकडं. मध्यावर तो कोसळला.

"बाळकूचंच बेणं!" कुणीतरी म्हणालं. "रगात कुठं जातंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीनंतर लाऊडस्पीकर खरखरला. नाव वहिनींनी स्वतः घेतलं. "जोतिराम बाळकू खोत." आवाज हलला नाही. मी दाढी करत होतो. गाल कापला.

मला राग येत नाही असं लोक समजतात. विनोदी लेखकाला तो परवडत नाही, खपावर परिणाम होतो. पण त्या सकाळी आला. कापलेल्या गालावर तुरटी चोळत मी तसाच तालमीत गेलो. एरवी तिथं पोरांचा कालवा असायचा. आज चिटपाखरू नव्हतं, आईबापांनी पोरं घरी ठेवली होती. वस्ताद खांबाला एरंडेल लावत बसले होते. निम्मं तेल खांबाला, निम्मं स्वतःला लागत होतं.

"या मास्तर. तोंड हुंगा माझं."

"काहीतरीच काय, वस्ताद!"

"हुंगा म्हणतो न्हवं! साऱ्या गावात एकानं तरी हुंगा!" ते ओरडले. शब्द घासत, अडखळत आले, जिभेखाली खडा धरल्यासारखे.

मी हुंगलं. दुधाचा वास होता. आणि थोडा एरंडेलाचा.

"कधीपासून होतंय हे?"

"दोन वरसं झाली. आधी सदऱ्याची गुंडी लागंना. मग पायरी चुकाय लागली. हे बघा." त्यांनी डोळे मिटले आणि बोट नाकाला लावायला गेले. बोट गालावर जाऊन आपटलं. "नाक हितंच हाय. बोटबी माझंच हाय. पर दोघांची गाठ पडंना."

"वहिनींना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? बाची झिंग माझ्यात उतरली म्हणून? त्यो पिऊन झुलायचा, मी न पिताच झुलतोय. त्याचं पाप माझ्या अंगात आलंय, मास्तर. आयुष्यभर त्या माणसाचा राग राग केला, आणि शेवटाला त्याच्याचवानी चालाय लागलो!" त्यांनी खांबावर मूठ मारली. नेम चुकला. तिसऱ्यांदा लागला.

मी त्यांना मिरजेला न्यायचं ठरवलं. वहिनींना निरोप दिला नव्हता, तरी त्या एसटी स्टँडवर येऊन उभ्या होत्या. गाडीत आमच्यापुढच्या बाकावर बसल्या. मिरजेपर्यंत नवराबायको एक शब्द बोलली नाहीत. मी मध्ये एक विनोद केला. तो वाया गेला.

मेंदूच्या डॉक्टर म्हणजे एक बारीकशा बाई होत्या. त्यांनी वस्तादांना बोट नाकाला लावायला सांगितलं, टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून घसरवायला सांगितलं. मग म्हणाल्या, "आता या फरशीच्या सरळ रेषेवर चालून दाखवा. टाचेला चवडा लावून."

वस्तादांनी चप्पल पायात घातली. "हितंबी रेघ? चला मास्तर, गावाकडंच बरं."

"बसा हो!" वहिनी पहिल्यांदाच बोलल्या.

डोक्याचे फोटो काढून झाले. रक्तही घेतलं, ते पुढं कुठल्याशा मोठ्या शहराला तपासायला जाणार होतं. बाईंनी फोटो उजेडावर धरला. मला त्यात फक्त चिरलेला फ्लॉवर दिसला.

"हा सगळा मोठा मेंदू," त्या म्हणाल्या. "हा चांगला आहे. आता इथं मागं, मानेच्या वर हा छोटा मेंदू. मुठीएवढा असतो. हलायचा हुकूम मोठा मेंदू सोडतो. 'हात उचल' म्हणतो. पण किती उचल, कुठल्या दिशेला, कुठं थांब, हे वाटेतल्या वाटेत दुरुस्त करायचं काम या छोट्याचं. तोल यानं राखायचा. जिभेला वळणही यानंच लावायचं. यांचा छोटा मेंदू आक्रसलाय. बघा, भेगा किती रुंद झाल्यात."

"म्हणजे दारू नाही?" मी विचारलं.

"दारू प्यालेला माणूस झुलतो, कारण दारू याच भागाला गुंगवते. म्हणून बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. दारू उतरते. हे उतरत नाही." मग त्यांनी कागद ओढला. "घरात आणखी कुणाला असा त्रास होता? याचे काही प्रकार घराण्यात चालत येतात. मुलंबाळं?"

"न्हाईत," वहिनी म्हणाल्या. या एका गोष्टीवरून गावानं त्यांची आयुष्यभर कीव केली होती. डॉक्टरीणबाईंनी मात्र नुसती मान हलवली.

"आईवडील?"

"आई शेवटपर्यंत शेतात भांगलणीला जायची," वस्ताद म्हणाले. "चालणं ताठ."

"आणि वडील?"

"ते प्यायचे," वहिनी घाईनं म्हणाल्या.

"कसे चालायचे?"

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"पाय फाकवून," वस्ताद म्हणाले. "भिंतीला धरून."

"बोलणं?"

"जड."

"कितव्या वर्षी सुरू झालं?"

"माझ्या वयाला. चाळिशीच्या पुढं."

"तुम्ही त्यांना पिताना पाहिलंत?"

वस्ताद बाईंकडं बघत राहिले. मग वहिनींकडं, मग माझ्याकडं, जणू आमच्यापैकी कुणीतरी पाहिलं असेल. "न्हाई," ते शेवटी म्हणाले. "म्या न्हाई बघितलं. आईनंबी न्हाई. गाव म्हणायचं."

"रक्ताचा निकाल आल्याशिवाय मी ठाम काही सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि गेलेल्या माणसाची तपासणी करता येत नाही."

काही आठवड्यांनी निकाल आला, आम्ही तिघं पुन्हा मिरजेला गेलो. घराण्यात उतरणाराच प्रकार निघाला. बाईंनी समजावून सांगितलं: हा थांबवायचं औषध नाही, व्यायाम करायचा, आधाराला काठी घ्यायची, गिळताना जपायचं. आई तर ताठ होती, तेव्हा तो वडिलांकडूनच आला असणार. वस्तादांनी स्वतःबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. फक्त एवढंच म्हणाले, "म्हंजे बा खरं बोलत हुता?"

त्यांनी बापाला गोठ्यात ठेवलं होतं. म्हसरांच्या पलीकडं खाट. पोरगा मल्लखांबाचा वस्ताद, त्याच्या घराच्या सोप्यात दारुडा नको म्हणून. एका सकाळी म्हातारा ओढ्याकडं गेला आणि घसरून पडला तो उठलाच नाही. गाव म्हणालं, सुटला. पोरगाही तेच म्हणाला. हे त्यांनी मला परतीच्या एसटीत सांगितलं, खिडकीबाहेर बघत. पुढच्या बाकावरच्या वहिनींना ते ऐकू जात होतं. त्या वळल्या नाहीत. त्यांचे खांदे तेवढे हलत होते, पण रस्ताही खराब होता.

गावाला कळलं. गाव लगेच विरघळलं. गाव विरघळायला नेहमीच तयार असतं, त्याला पैसे पडत नाहीत. आनंदअण्णांनी शाल आणि नारळ मागवला, देवळापुढं माणसं जमवली, आणि सकाळच्या आरतीनंतर माईकवर जाहीर केलं, "आपले वस्ताद निर्दोष आहेत! ते प्यालेले नव्हते, हा आजार आहे! गावाला त्यांचा अभिमान आहे!"

आजाराचा अभिमान वाटणारं गाव मी तोवर पाहिलं नव्हतं. नारळ माझ्या हातात दिला होता. मी तो वस्तादांना द्यायचा होता.

वस्ताद काठी टेकत पुढं आले. शालीकडं बघितलंही नाही. "अण्णा, बाचं नाव घ्या."

"आँ?"

"माझ्या बाचं. बाळकू पैलवान. त्योबी प्यालेला नव्हता. तेबी सांगा."

अण्णा हसले. "वस्ताद, जाऊ द्या हो आता. तुमचं वेगळं, त्यांचं वेगळं. मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय?"

"मला पडतोय."

"अहो, पण सगळ्या गावानं डोळ्यांनी बघितलंय त्यांना! गाव काय इतकी वर्षं खोटं बोलत होतं?"

"व्हय!" मी ओरडलो. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. "व्हय, खोटंच बोलत होतं! आणि तुम्हाला ते सोयीचं होतं! झुलणारा माणूस दिसला की हसायचं, कारण विचारायला डोकं लागतं! मी त्या दिवशी पातेल्यात पडलो तेव्हा फळी चुकली. हे पडले तेव्हा रक्त चुकलं. हा न्याय कुठला?" आणि रागाच्या भरात मी तो नारळ देवळाच्या पायरीवर आपटला.

नारळ फुटला नाही. टणाटण उड्या मारत अण्णांच्या खुर्चीखाली गेला. दोघेतिघे हसले. मी आयुष्यभर लोकांना हसवायची खटपट केली. ते हसू मात्र मला कधीच नको होतं.

तोवर वस्तादांनी माईक ओढून घेतला होता. हात इतका कापत होता की माईक दातावर आपटला आणि साऱ्या शिवारात ठण्ण आवाज गेला.

"माझा... बा..." ते बोलायला लागले. "माझा बा... प्या... प्यालेला... नव्हता..." एकेक शब्द तुटत होता, लांबत होता, मध्येच फुटत होता. देवळापुढच्या लोकांना तो माणूस दिसत होता. पण लाऊडस्पीकर दूरच्या वस्तीपर्यंत जायचा आणि तिथं नुसता आवाज पोचत होता. रस्त्यानं एक मोटरसायकल आली. चालवणारा ओरडला, "अरं, सकाळी सकाळीच कुणी लावली रं?"

वस्ताद थांबले. मी असा राग माणसाच्या तोंडावर पुन्हा बघितला नाही. त्याला जायला वाटच नव्हती. हात त्यांचं ऐकत नव्हते, पाय ऐकत नव्हते, आणि आता जीभही बापाच्या विरुद्ध साक्ष देत होती.

वहिनी बायकांतून उठल्या. सरळ चालत आल्या. त्यांनी वस्तादांच्या हातातून माईक घेतला नाही. त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. माईक हलायचा थांबला.

"मी मालन जोतिराम खोत बोलतेय," त्या म्हणाल्या. "मघाचा आवाज माझ्या मालकांचा होता. ते प्यालेले नाहीत, आजारी आहेत. ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी पुन्हा सांगते. माझे सासरे, बाळकू पैलवान, प्यालेले नव्हते. त्यांना हाच आजार होता. ते मला म्हणायचे, पोरी, थेंब घेतला न्हाई. मी ऐकलं नाही. वर त्यांचं नाव सांगून गावातली बाटली आडवी केली. बाटली आडवी केली याचं मला वाईट वाटत नाही. माणूस आडवा केला याचं वाटतं. उद्यापासून आठवडाभर आरतीनंतर मी हे नाव घेणार आहे. कुणाला अडवायचं असेल तर पुढं या."

कुणी आलं नाही. अण्णा शालीची घडी घालत राहिले. आधीच घातलेली घडी होती.

जमिनीवर कधीकाळच्या सरळ रेघेची फक्की अजून पांढुरकी दिसत होती. सर्जेराव कुठूनसा आला, पायानं ती पुसायला लागला, आणि मध्येच काहीतरी आठवल्यासारखा टपरीकडं पळाला. परत आला तो कपबशी घेऊन. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं स्वतःहून कुणाला फुकट चहा आणला असेल. मानाचा म्हणून कप काठोकाठ भरला होता. जीभ दातात धरून, एक थेंब न सांडता, सर्जेराव त्या पुसट रेघेवरून सरळ चालत आला.

सगळं गाव बघत होतं. वहिनीही बघत होत्या.

"घ्या वस्ताद," सर्जेराव म्हणाला.

वस्तादांनी हात पुढं केला. कापणाऱ्या बोटांकडं बघितलं, आणि मागं घेतला.

"सर्जा," ते म्हणाले, "अर्धाच दे रं. सांडतो."